बॅटरीपासून दिव्यापर्यंतची वाट

गळीत हंगाम सुरू झाला की पलूस-सांगली रस्त्याने रात्री गाडी चालवणाऱ्याच्या मनात एक धास्ती कायम असते, ती अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सांगलीहून भिलवडीला परतताना, नांद्रे मागे टाकल्यावर मला तशी एक ट्रॉली दिसली, आणि दिसली तेव्हा ती माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर होती. चाक पंक्चर झाल्यामुळे ती रस्त्यातच थांबली होती आणि मागे लोंबणाऱ्या उसाने तिचा रिफ्लेक्टर पूर्ण झाकून टाकला होता. गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत होता म्हणून ब्रेक लागले आणि गाडी थांबली. ट्रॉलीवाल्याची चूक होती यात शंका नाही; परंतु माझ्या दिव्यांचा पिवळट उजेड कडेच्या मैलाच्या दगडापर्यंतसुद्धा धड पोचत नाही, हे मला वर्षभर ठाऊक होते आणि मी ते तसेच चालवून घेत आलो होतो. त्या रात्री घरी आल्यावर दिव्यांचे काम आता पुढे ढकलायचे नाही, असे मी ठरवले.

आमची पिकअप महिंद्रची, फॉरवर्ड कंट्रोल पद्धतीची आहे. विलिस कंपनीने हा नमुना १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत आणला आणि पुढे महिंद्रने त्याची बांधणी आपल्याकडे केली. चालक पुढच्या चाकांवर बसतो, पेट्रोल इंजिन दोन आसनांच्या मधल्या पेटीत असते, बोनेट नसते आणि सपाट तोंडावर सात इंच व्यासाचे दोन गोल दिवे असतात. आजोबांनी ही गाडी १९७४ साली घेतली. वडिलांनी पुढे केव्हातरी बॅटरी काढण्या-घालण्यास सोपी जावी म्हणून हौद्याच्या पुढच्या कडेला खोक्यात बसवून घेतली. ती सोय चांगली झाली. पण त्यामुळे बॅटरीपासून पुढच्या दिव्यांपर्यंतची वाट आणखी लांबली, आणि पुढचे सगळे दुखणे या वाटेचेच निघाले.

मी पहिला उपाय केला तो चुकीचा होता. दुकानात गेलो आणि जुन्या बल्बच्या जागी १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब बसवून आणले. उजेड थोडा पांढरा झाला, म्हणून मला समाधान वाटले. चौथ्या की पाचव्या रात्री अप्पर, म्हणजे दूरचा झोत, लावून चाललो असताना डॅशबोर्डच्या मागून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला आणि दिवे एकदा विझून परत लागले. गाडी कडेला घेऊन दिव्याच्या स्विचला हात लावला, तर बोट ठेवता येत नव्हते. दोन्ही बल्ब मिळून २०० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला जवळजवळ सतरा अँपिअर करंट मी पन्नास वर्षांच्या त्या स्विचमधून आणि पायाच्या डीपरमधून, म्हणजे अप्पर-डिप बदलण्याच्या पायाखालच्या बटणातून, ओढत होतो. त्या वाटेवर फ्यूज नव्हताच. रात्री गाडी पेटली नाही हे आमचे नशीब. शिवाय इतक्या वॅटचे बल्ब रस्त्यावर वापरण्यास नियमाने परवानगीही नाही, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला तर तो नियम योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी मिरजेला एका वयस्कर इलेक्ट्रिकच्या मिस्त्रींकडे गेलो. अँबॅसिडर आणि जीप यांच्या वायरिंगमध्ये त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी स्विच काढून हातात घेतला, काळवंडलेले टोक मला दाखवले आणि म्हणाले, "सर, बल्ब किती बी मोठा घाला, पर बॅटरीतनं निघाल्यालं त्या बल्बपतूर पोचायच न्हाई तर उजेड कुठनं यायचा? आधी मोजा, मग खर्च करा."

मोजायचे कसे, तेही त्यांनीच शिकवले आणि ते इतके सोपे आहे की जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने एकदा करून पाहावे. जुने ४५/४० वॅटचे बल्ब परत बसवले, इंजिन मध्यम वेगावर ठेवले आणि अप्पर लावला. बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने १३.१ व्होल्ट दाखवले. तेच मीटर उजव्या दिव्याच्या होल्डरमध्ये, दिवा पेटलेला असताना, लावले तर आकडा १०.४ होता. म्हणजे वाटेतच २.७ व्होल्ट नाहीसे झाले होते. हे मोजमाप दिवा पेटलेला असतानाच घ्यावे लागते. बल्ब काढून मोजले तर करंट वाहत नसल्याने कळकट जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसते आणि माणूस फसतो. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे वाटेतल्या एकेका जोडाला लावत पुढे सरकलो. स्विचमध्ये ०.६, पायाच्या डीपरमध्ये ०.५, बाकीच्या तारा आणि जोडांत मिळून ०.८, आणि ज्याचा मी विचारही केला नव्हता त्या परतीच्या वाटेत, म्हणजे दिव्यापासून बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, ०.८ व्होल्ट जात होते.

व्होल्टेज पाचव्या हिश्शाने कमी झाले तर उजेडही पाचव्या हिश्शाने कमी होईल असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. फिलामेंट थोडे कमी तापले की त्याचा उजेड फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. माझ्या दिव्याला मिळत होते त्या व्होल्टेजवर तो निम्म्याहूनही कमी उजेड देत होता. जास्त वॅटचा बल्ब घातल्यावर करंट वाढतो, करंट वाढला की त्याच तारांत जास्त व्होल्टेज गळते आणि गळालेले सगळे स्विच, तारा आणि जोड तापवण्यात जाते. मला आलेल्या जळक्या वासाचे कारण हे होते.

वायरिंग उतरवायला घेतले तेव्हा ऑगस्ट २०१९ चा महापूर पुन्हा समोर आला. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली होती, आणि भिलवडीत आमच्या गोठ्याशेजारी उभी असलेली पिकअप तीन दिवस आसनांपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर इंजिन उघडले, तेल बदलले, ब्रेक केले. पण वायरिंग वरून धुऊन, वाळवून तसेच ठेवले होते, कारण दिवे लागत होते. आता डाव्या दिव्यामागची एक तार मी कापली. वरचे आवरण चांगले होते, पण आत तांबे दिसलेच नाही. काळे पडलेले तारेचे बारीक केस आणि त्यांच्या मधे हिरवी पूड, जी चिमटीत घेतल्यावर चुरली. एक इंच मागे कापली, तरी काळेच. वीतभर मागे गेल्यावर कुठे लालसर तांबे लागले. टोकाकडून शिरलेले गढूळ पाणी, वातीत तेल चढावे तसे, त्या बारीक केसांमधून आवरणाच्या आत चढत गेले होते. ते पाहिल्यावर मिस्त्री आणि मी दोघांनीही जोड देऊन भागवण्याचा विचार सोडला. पुढचे पूर्ण वायरिंग नवे करायचे ठरले.

आम्ही योजना कागदावर मांडली. तिचे सूत्र असे की, दिव्यांचा भारी करंट स्विचमधून न्यायचाच नाही. जुन्या स्विचने आणि डीपरने फक्त रिलेला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला, इशारा द्यायचा आणि रिलेने बॅटरीतून थेट, जाड तारेने दिव्यांना करंट सोडायचा. रिलेच्या गुंडाळीला एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहून कमी करंट लागतो, त्यामुळे जुना स्विच आणि आजोबांच्या पायाखालचा डीपर दोन्ही गाडीत राहिले आणि त्यांच्यावरचा भारही उतरला. अप्परसाठी एक आणि डिपसाठी एक असे दोन चार-पायांचे रिले घेतले. त्यांच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी, ८६ ला स्विचकडून येणारा इशारा आणि ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट. बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची, रिलेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची आणि इशाऱ्याला १ चौरस मिलिमीटरची तार वापरली. बॅटरीपासून वीतभर अंतरावरच मुख्य फ्यूज बसवला, कारण फ्यूजच्या अलीकडची तार बॉडीला घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. त्याखेरीज अप्पर आणि डिप यांना १५ अँपिअरचे वेगळे फ्यूज दिले, म्हणजे एक वाट बंद पडली तरी रात्री दुसरी हाताशी राहावी.

घरच्या वायरिंगची तार स्वस्त आणि हाताशी असते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. ती गाडीला चालत नाही. एकसंध तांब्याची तार हादऱ्यांनी थकून तुटते, म्हणून बारीक केसांची, गाडीसाठीचीच तार हवी. रंग मी लुकासच्या जुन्या पद्धतीप्रमाणे ठेवले: बॅटरीकडून येणारी तपकिरी, अप्परची निळी-पांढरी, डिपची निळी-लाल आणि अर्थची काळी. निळी-पांढरी तार सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या तीन दुकानांत फिरल्यावर मिळाली. मिस्त्रींना माझा हा हट्ट पटला नव्हता. पण पुढे गाडी कोणाच्याही हाती गेली तरी झाकण उघडताच कोणती तार कशाची हे त्याला कळावे, असे मला मनापासून वाटत होते.

एका बाबतीत मात्र मिस्त्रींनी माझे ऐकले नाही आणि ते बरेच झाले. मी प्रत्येक जोड डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पक्का करणार होतो. त्यांनी सांगितले की डाग तारेत थोडा वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग संपून मऊ तार सुरू होते त्या ठिकाणी हादऱ्याने ती तुटते. त्यांनी मला थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, क्रिंप करायला, म्हणजे दाबून घट्ट बसवायला, शिकवले: केसांचा एकही तुकडा बाहेर राहता कामा नये, दाबल्यावर ताकदीने ओढून पाहायचे आणि मगच वर श्रिंक स्लीव्ह तापवून बसवायची. पहिल्या दिवशी मी केलेल्या जोडांपैकी चार त्यांनी नुसत्या बोटांनी उपटून दाखवले. ते चारही मी पुन्हा केले. पत्र्यातून तार जाते तेथे प्रत्येक भोकात तार घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, म्हणजे कडे, घातले आणि काळ्या चिकटपट्टीऐवजी कापडी टेप गुंडाळला, कारण इंजिनाच्या पेटीजवळच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक वितळून तारांवर ओघळतो, हे जुन्या वायरिंगवर हात माखवून पाहिले होते.

दिव्यांची निवड त्या मानाने सोपी होती. सात इंची गोल माप जीप आणि अँबॅसिडर यांचेही असल्यामुळे काच आणि रिफ्लेक्टर सहज मिळतात. मी एच-४ बल्बचे, ६०/५५ वॅटचे हॅलोजन दिवे घेतले. एका मित्राने परदेशातून काचा मागवण्याचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही. जिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशांसाठीच्या काचेचा डिप उजवीकडे वर चढतो. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. एलईडीचे बल्बही दुकानदाराने आग्रहाने दाखवले. परंतु हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडाचा उगम नेमका फिलामेंटच्या जागी असावा लागतो. तो जरा जरी इकडेतिकडे झाला तर उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चौफेर सांडतो. समोरच्याला आंधळे करून मिळणारा उजेड मला नको होता. बल्ब बसवताना काचेला बोट लागू दिले नाही, कारण बोटाचा तेलकट डाग तापून काच त्या जागी खराब होते.

यानंतर बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा प्रश्न उभा राहिला. आमच्या डायनामोची पूर्ण क्षमता २२ अँपिअर होती आणि तीही इंजिन चांगले फिरत असतानाच. दोन दिव्यांचे दहा अँपिअर, मागचे व डॅशबोर्डचे दिवे, इग्निशन कॉइल आणि पावसात वायपर एवढे धरले की हिशेब काठावर येतो, आणि बाजाराच्या दिवशी हळूहळू सरकणाऱ्या रांगेत तर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणून दुरुस्त केलेला जुना ३५ अँपिअरचा अल्टरनेटर, जो कमी वेगातही चार्ज करतो, डायनामोच्या जागी बसवला. त्याआधी गाडीचा अर्थ निगेटिव्हच आहे याची दोनदा खात्री केली, कारण उलट जोडला तर आतले डायोड क्षणात जळतात. डायनामोचा जुना कटआउट, म्हणजे बॅटरीतून करंट उलटा जाऊ न देणारा स्विच, वाटेतून काढला, आणि चार्जिंगची जाड तार अँमीटरमधून न नेता थेट बॅटरीला नेली. ३० अँपिअरपर्यंतच्या त्या नाजूक मीटरमधून एवढा करंट नेणे धोक्याचे होते. चार्जिंगचा लाल दिवा काढून टाकावा असे वाटले होते, पण मिस्त्रींनी अडवले. त्या छोट्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच हा अल्टरनेटर सुरुवातीला जागा होतो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरू होईलच याचा भरवसा नसतो.

सगळे जोडून पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा उजवा दिवा लखलखीत पेटला आणि डावा मिणमिणत राहिला. अप्पर लावला तर डाव्या दिव्यात दोन्ही फिलामेंट मंद तांबूस दिसत होती. मी रिले बदलला, फ्यूज काढून पाहिले, होल्डर बदलला. दोन तास गेले. मिस्त्रींना फोन केला, तर त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतले नाही. "सर, अर्थ बघा. तुम्ही नव्या रंगावर नट आवळला असणार." तसेच झाले होते. अर्थ न मिळालेला करंट अप्परच्या फिलामेंटमधून शिरून परतीची वाट शोधत डिपच्या फिलामेंटमध्ये, आणि डिपच्या तारेने उजव्या दिव्यापर्यंत जाऊन तिथून अर्थ होत होता. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, तिथे थिंबल आवळून वर ग्रीस लावले. पण बॉडीवर पुन्हा विसंबायचे नाही असे ठरवून दोन्ही दिव्यांपासून काळी तार वेगळी काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. त्यानंतर मोजले तेव्हा बॅटरीवर १४.१ आणि दोन्ही होल्डरवर १३.७ व्होल्ट होते. आधी २.७ व्होल्ट गळत होते, आता ०.४ गळतात. तो आकडा मी वडिलांना घरात जाऊन सांगितला. ते उठून बाहेर आले आणि स्वतः डीपर तीन-चार वेळा दाबून पाहिला.

उजेड वाढला की त्याची दिशा बिघडलेली असणे अधिक वाईट, म्हणून दिव्यांची दिशा बसवण्याचे काम आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीवर नीट वेळ देऊन केले. जमीन सपाट होती. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी केली, टायरची हवा बरोबर केली, वडील चालकाच्या जागी बसले आणि हौद्यात द्राक्षांचे भरलेले क्रेट ठेवले. मागे वजन पडले की गाडीचे तोंड वर उठते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला डिप भरल्या गाडीत समोरच्याच्या तोंडावर जातो. आमची गाडी रात्री बहुधा भरलेलीच असते. दिव्यांच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मारली, तिच्याखाली तीन इंचांवर दुसरी रेघ ओढली आणि डिपची वरची कड त्या खालच्या रेघेवर येईपर्यंत रिंगच्या आतले स्क्रू फिरवले. डावीकडे उजेड किंचित वर चढून कडेचा रस्ता दाखवतो, उजवीकडे तो रेघेखालीच राहतो. डाव्या दिव्याचा एक स्क्रू पुराच्या गंजाने असा धरला होता की तेल सोडून रात्रभर थांबावे लागले, आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाले.

मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, मी मुद्दाम त्याच रस्त्याने रात्री गेलो. वसगड्याच्या अलीकडे डिपवर असतानाच डाव्या कडेला रचलेला उसाचा ढीग आणि त्याच्यापुढे टेकलेली बैलगाडी मला आधीच दिसली, इतकी आधी की मी वेग कमी केला, इंडिकेटर दिला आणि सावकाश बाजूने निघालो. बैल रवंथ करत बसले होते, त्यांचे डोळे चमकले. समोरून आलेल्या एसटीच्या चालकाने मला एकदाही अप्पर मारून दाखवला नाही.

वायरिंगची आकृती जाड कागदावर शाईने काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. तिच्याशेजारी दोन फ्यूज, एक रिले आणि एक बल्ब ठेवला आहे. मागच्या दिव्यांचे वायरिंग मात्र अजून पुराचेच आहे. हौद्याखालून जाणारी ती तार परवा एका ठिकाणी कापून पाहिली, तर आत तीच हिरवी पूड निघाली. कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत ते काम हाती घ्यायचे ठरले आहे आणि मिस्त्रींनी त्यासाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत.